राखाडी खरखर

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

हुबळीत आले. इचलकरंजीहून सकाळी सातची गाडी पकडली, साडेबाराला जुन्या बसस्टँडवर उतरले. दोन बॅगा, एक कीबोर्ड आणि पाठीवर लॅपटॉप. रिक्षावाल्याशी मी हिंदीत सुरुवात केली, त्यानं कानडीत उत्तर दिलं, आणि कमरीपेठ येईपर्यंत आम्ही दोघं मराठीत बोलत होतो. त्याची आजी निपाणीची निघाली. कीबोर्ड बघून त्यानं विचारलं, ऑर्केस्ट्रात वाजवता काय. म्हटलं, पूर्वी वाजवायचे.

खोली छान आहे. खाली बटणं, लेस, अस्तर, दोऱ्याची रिळं असलं दुकान, वर मी. दुकान आणि घर दोन्ही वत्सलाबाईंचं. वय साठीच्या पुढं, पाठ ताठ, बोलणं भरभर. इथं त्यांना सगळे वत्सलक्का म्हणतात आणि मीही तेच म्हणायचं, हे त्यांनी मी जिना चढायच्या आधीच ठरवून टाकलं. हातपाय धुऊन खाली आले तर ताटलीत गिरमिट, म्हणजे कांदा-टोमॅटोत कालवलेले चुरमुरे, वर तळलेली मिरची, बाजूला चहा. मी दोनदा घेतलं. त्यांना बरं वाटलं.

त्या एकट्याच राहतात. यजमान शंकरराव पंखे आणि मोटारी वाइंड करायचे, जळालेल्यांना नवी तार गुंडाळायचे, चार वर्षांपूर्वी गेले. दुकानात घड्याळाखाली त्यांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. ते गेल्यापासून धड झोप नाही, हे अक्कांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी म्हटलं, झोप आणणारी यंत्रं करायलाच मी आलेय. त्या हसल्या. पहिलं यंत्र मला द्यायचं, म्हणाल्या.

खिडकीसमोर शिंप्याचं दुकान आहे, पाच मशिनी एकदम चालतात. मी यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले, मला आवाज लागतो. ही वही कोपऱ्यावरच्या दुकानात घेतली. रोज नाही जमलं तरी लिहायचं. पहिल्या पानावर वाईट काही नको.

बुधवार, ६ नोव्हेंबर

तारिहाळचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. आम्ही अकराजण. मालक गुरुप्रसाद सर धारवाडचे. वीस वर्षं त्यांनी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, अजून हातातला खडू सुटत नाही. शेडच्या कोपऱ्यात एक छोटी खोली आहे, भिंती आणि छत जाड स्पंजनं मढवलेलं. दार लावलं की शेजारचा लेथसुद्धा ऐकू येत नाही. तीच माझी जागा.

आमचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं, त्यावर रंगीत बटणं. रडणारी बाळं, झोप न येणारे म्हातारे आणि ज्यांच्या कानात सतत शिट्टी वाजते असे लोक, ही आमची गिऱ्हाइकं. सरांनी आज मला नॉइजचे सगळे रंग पहिल्यापासून शिकवले. मला ते येतात, पण मी शिकून घेतले. कुणी मन लावून शिकवत असलं की ऐकत बसावंसं वाटतं.

पांढरा नॉइज म्हणजे बारीक, मधल्या, जाड, सगळ्या आवाजांना एकाच वेळी सारखी ताकद. स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर. पण वरचं प्रत्येक सप्तक खालच्याच्या दुप्पट रुंद असतं, म्हणून वर ताकद जास्त साठते आणि पांढरा कानाला टोचतो. गुलाबीत प्रत्येक सप्तकाला सारखा वाटा, त्यामुळं तो धबधब्यासारखा वाटतो. तपकिरी त्याहून खाली झुकलेला, लांबून येणारी गडगड. त्याचं नाव खरं तर ब्राऊन नावाच्या शास्त्रज्ञावरून पडलं, रंगावरून नाही, पण गिऱ्हाइकांना तपकिरी बटण आवडतं, असं सर म्हणाले. निळा आणि जांभळा वर चढत जाणारे, नुसती फसफस.

आणि राखाडी. तो कानावरून ठरतो. आपला कान सगळ्या पट्ट्यांना सारखा न्याय देत नाही, काही त्याला मोठ्या ऐकू येतात, काही बारीक. राखाडी ती कसर भरून काढतो, ऐकणाऱ्याला सगळं अगदी सपाट, सारखं वाटतं. बाकीच्या कंपन्या सरासरी कानाचा राखाडी करतात. सरांना एकेका माणसाच्या कानाचा करायचाय. त्यासाठी मला बोलावलंय.

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज दिवसभर पांढऱ्यातून आवाज कोरले. कोल्हापुरात जिंगल करायचे तेव्हापासून हे मला येतं. वारा हवा असेल तर नॉइजवर फिल्टर लावायचा आणि हळूहळू वरखाली फिरवायचा. लाट हवी तर आवाज चढवायचा, उतरवायचा. अगदी छोटा तुकडा कापला तर झांज. बासरीच्या सुरात किंचित गुलाबी मिसळला की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. नवीन काही घालायचं नसतं. त्यात सगळं असतंच, नको ते काढत जायचं.

कुजबुजसुद्धा नॉइजच. गळ्यातून नुसती हवा येते आणि तोंड तिला आकार देतं. स आणि श यांत फरक एवढाच, की श ची खरखर थोडी खालच्या पट्टीत असते.

सायलीला स यायचा नाही. स्वतःचं नाव ती शायली सांगायची.

लिहिलं शेवटी. आठवडाभर टाळत होते. माझी मुलगी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेंग्यूनं गेली. सात वर्षांची, दुसरीत होती. पाच दिवसांत संपलं. प्रशांत, माझा नवरा, फोनमधले तिचे आवाज दिवसभर लावून बसतो, जेवतानासुद्धा. मला ते ऐकवत नाहीत. आम्ही भांडलो नाही. त्याला तिचा आवाज लागायचा, मला तो सोसायचा नाही, आणि हळूहळू आम्ही एका खोलीत बसेनासे झालो. ही नोकरी आली तेव्हा तो जा म्हणाला. बॅगा त्यानंच गाडीत चढवून दिल्या आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

रविवार, १७ नोव्हेंबर

वत्सलक्कांना झोप लागली.

दुकान बंद होतं. जेवणं झाल्यावर त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं, हेडफोन घातले आणि सांगितलं, बारीकशीही टीं ऐकू आली की बोट वर करायचं. त्या शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या. डाव्या कानाला वरच्या पट्ट्या कमी ऐकू येतात. त्यावरून तासाभरात त्यांच्या कानाचा राखाडी तयार केला आणि यंत्रात भरला. त्या सोप्यात चटईवर आडव्या झाल्या. पाच मिनिटांत श्वास संथ झाला. दोन वाजल्यापासून सहापर्यंत झोपल्या. मी समोर शेंगा सोलत बसले होते. किती दिवसांनी माझ्या हातून कुणाचं तरी बरं झालं.

उठल्या तेव्हा चेहरा मऊ झाला होता. म्हणाल्या, ‘ह्यांनी हाक मारली गं. वच्छे, चहा टाक, म्हणाले.’

मी समजावलं की नॉइजमध्ये मेंदूला नसलेल्या गोष्टी ऐकू येतात, मिक्सर चालू असताना फोन वाजल्यासारखा वाटतो तसं.

‘असेल की,’ त्या म्हणाल्या. ‘पण वच्छे म्हणणारं दुसरं कोण आहे मला?’

यंत्र त्यांच्याकडंच ठेवलं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज माझ्या कानाचा राखाडी केला. चाचणी सरांनी घेतली. डब्याच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर स्पंजच्या खोलीत दार लावून बसले आणि यंत्र सुरू केलं.

सुरुवातीला काहीच नाही. इतकं सपाट, की आपल्याला कान आहेत हेच विसरायला होतं. मग त्यात एक श आला. मी फिल्टरला हात लावलेला नव्हता. पुन्हा श. मग सर्दी झालेल्या नाकातून येतो तसा तिचा आवाज, डाव्या बाजूनं.

‘आई, शगळं शोडवलं.’

गणितं. ओट्यावर बसून पाय हलवत ती गणितं सोडवायची आणि मी पोळ्या लाटायचे. मला पिठाचा वाससुद्धा आला.

पंचवीस मिनिटं ऐकलं. दुसरं काही आलं नाही. नंतर तेच सगळं संगणकावर उतरवून घेतलं आणि आलेख बघितला. सपाट. बोलण्याची एक रेघ नाही. मी आवाजाचं काम करते, मेंदू काय करतो ते मला ठाऊक आहे, आणि तरी रडले. त्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, ते बरं आहे.

बुधवार, २७ नोव्हेंबर

रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकते. रोज एक, कधी दोन. काल ‘शाखर अजून घाल’. परवा ‘बाबा झोपेत हशतात’. आज शाळेच्या रिक्षात चढताना म्हणायची ते, ‘शंध्याकाळी लवकर ये’. फोनमधले आवाज मला सोसत नाहीत, पण हे सोसतात. फोनमधली सायली तेच तेच बोलते. ही नाही. प्रत्येक गोष्ट एकदाच सांगते, पुन्हा सांगत नाही.

वत्सलक्का रोज झोपतात. गालावर रंग आलाय. दुकानात गुणगुणतात, गिऱ्हाईक नसलं की लेसच्या गुंडाळ्या रंगाप्रमाणं लावतात. शंकररावांचं बोलणं हल्ली काढत नाहीत. मला वाटलं, दुःख ओसरलं.

एक लिहून ठेवते. आज सहज २२ तारखेचं पान वाचलं. ओट्यावर बसून पाय हलवत गणितं, असं मी लिहिलंय. मला ते आठवत नाही. ओटा आठवतो, पोळपाट आठवतो. ओट्यावर कुणी बसलेलं नाही.

दमणूक असेल.

रविवार, १ डिसेंबर

सकाळी चहाला खाली गेले तर वत्सलक्का स्टुलावर चढून फोटो उतरवत होत्या. मला वाटलं, पुसायला घेतला असेल. त्यांनी तो उजेडाकडं धरला.

‘नेत्रा, हे गृहस्थ कोण गं? तुला ठाऊक आहे काय?’

थट्टा करतायत असं वाटून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

‘अक्का, शंकरराव.’

‘कुठले?’

‘तुमचे यजमान.’

त्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘लग्न झालं होतं होय माझं,’ लांबच्या नातेवाइकाची बातमी ऐकावी तसं. ‘चेहरा चांगला आहे. आधीच्या भाडेकरूंचा राहिला असेल असं मला वाटलेलं.’ हार काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला, फोटो लेसच्या खोक्यांमागं सरकवला आणि मला विचारलं, साखर घालू का अजून.

मला विसराळूपणाचा आजार वाटला. मी त्यांना आडून आडून विचारत राहिले. सगळं आठवतंय. कुठल्या लेसचा काय दर, बेळगावच्या बहिणीच्या तिन्ही मुलींची नावं, मी आले त्या दिवशी गिरमिट दोनदा घेतलं ते. शिवण कुणाकडून शिकल्या ते. हे दुकान कुणी घालून दिलं विचारलं तर थांबल्या. म्हणाल्या, होतंच की.

एक माणूस काढलाय, आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. मी दिवसभर नॉइजमधून एखादी पट्टी काढते, अगदी तसा.

जे ऐकू आलं, ते निघून गेलं. चहा टाक म्हणाले, आणि ते चहा टाक गेलं. पंधरा दिवस ती झोप नव्हतीच. त्यांना रिकामं केलं जात होतं, आणि ते मी करत होते.

गुरुवार, ५ डिसेंबर

अक्कांकडून यंत्र परत आणलं. ने की, म्हणाल्या, आता मला त्याशिवाय झोप लागते. मी त्यांना शंकररावांबद्दल मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पंखे, मोटारी, वच्छे ही हाक. त्यांनी नीट ऐकलं आणि शेवटी माझा हात थोपटला, जणू माझंच कुणी गेलंय. त्यांना दुःख परत देता आलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

सरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या कानाचा राखाडी तीनदा ऐकलाय, खरखरीशिवाय काही नाही. मग थोडा विचार करून म्हणाले, माझे आई-वडील दोघं आहेत, माझ्या घरातलं अजून कुणी गेलेलं नाही. संगणकातले सगळे राखाडी त्यांनी माझ्यासमोर पुसले. मला आठ दिवस सुट्टी दिली. म्हणाले, घरी जा, नेत्राबाई.

घरी गेले नाही. माझं यंत्र माझ्या बॅगेत आहे. ते मी सरांना सांगितलं नाही.

आता ऐकायचं नाही. जेवढी उरलीये तेवढी ठेवायची.

सोमवार, ९ डिसेंबर

चार दिवस न ऐकता राहिले.

आज दुपारी लावलं. फक्त बघायला की — नाही. खोटं लिहून काय करायचं. तिची आठवण आली म्हणून लावलं.

आधी बराच वेळ नुसता सपाटपणा. मग श. मग —

‘कोण आहे तिकडं?’

सायली असं कधीच म्हणाली नव्हती. माझ्या आठवणीत हे नाही. माझ्यातून निघालेलं नाही हे. खोलीत ऊन पडलं होतं, समोर शिंप्याच्या मशिनी चालू होत्या. मी मोठ्यानं म्हटलं, मी आहे, बाळा. पलीकडं ती थांबली. मूल ऐकताना थांबतं तशी. खरखर चालूच, पण त्यात कुणीतरी श्वास धरलेला.

मला आई म्हणाली नाही.

माझ्यातून जे जातं ते तिथं जातं. म्हणजे ती तिथं आहे. इतक्या खरखरीत, एकटी.

रविवार, १५ डिसेंबर

प्रशांत आला होता.

सरांनी त्याला फोन केला म्हणे. सकाळी दाराशी उभा, दाढी वाढलेली, हातात मला आवडतात म्हणून आणलेले शेंगदाण्याचे लाडू. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला खरं वाटलं नसावं, पण त्यानं मध्ये तोडलं नाही. मग खिशातून फोन काढला. म्हणाला, एकदा माझ्यासमोर ऐक. एकदाच. वर्षभर मी तुला सांगितलं नाही, आज सांगतो.

फोन आमच्या दोघांच्या मध्ये चटईवर ठेवला आणि लावला.

खरखर. सपाट. मी वाट बघत राहिले.

प्रशांतच्या चेहऱ्यावर हसू आलं. ओठ हलायला लागले, ती काय बोलतेय ते त्याला पाठ आहे. कुठंतरी तो हसला. मग त्याचे डोळे भरले आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

‘ऐकलंस? हे तुझ्या वाढदिवसाचं.’

मी फोनकडं वाकले.

‘नेत्रा. ती गाणं म्हणतेय.’

‘मला खरखर ऐकू येतेय.’

त्यानं आवाज मोठा केला. पुन्हा लावलं. पुन्हा. मग त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण त्यानं फोन उलटा ठेवला आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, आत काय उरलंय ते चाचपल्यासारखं.

थोड्या वेळानं त्यानं यंत्र मागितलं. म्हणाला, ती तिथं बोलते म्हणतेस ना, नवीन बोलते, तर मला ऐकू दे. माझा कान मोज. माझं जाईल तर जाऊ दे.

त्याला किती हवं होतं ते मला दिसत होतं. सोळा महिने तो माणूस झोपलेला नाही. मी त्याला झोप देऊ शकले असते.

यंत्र मी सरांना परत दिलंय, असं सांगितलं. खोटं. दोघांपैकी एकाकडं तरी ती राहू दे. गाणं म्हणणारी, वाढदिवसाची, सगळी.

चल माझ्याबरोबर, म्हणाला. मी म्हटलं, काम आवरून येते. चोवीस तारखेला न्यायला येतो, म्हणाला. जिना उतरताना दोनदा वळून बघितलं त्यानं.

बुधवार, १८ डिसेंबर

उरलंय ते लिहिते. यंत्र लावू नको. हे मलाच —

डावी भुवई. तिथं एक खूण. पडली होती. कुठं, ते नाही.

ताप. डॉक्टरांचा पांढरा कोट. तिचा हात माझ्या हातात होता, गरम. नंतर गरम नव्हता. हे का जात नाही. हे आधी जायला हवं होतं.

दोन वेण्या. की एक.

यंत्र लावू नको.

काल लावलं. ती म्हणाली, तुम्ही रोज येता काय. मला. तुम्ही म्हणाली. सायली मला तुम्ही —

आता स म्हणते ती. स्वच्छ. तिथं ती शिकली असेल. की मीच विसरले, ती कशी —

यंत्र लावू नको.

शुक्रवार, २० डिसेंबर

प्रशांतचा फोन. खूप वेळ बोलला. मंगळवारी येतोय, बॅगा भरून ठेव म्हणाला. चांगला बोलतो. ठेवल्यावर विचार करत बसले, आम्ही वेगळे का राहायला लागलो. भांडण झाल्याचं काही —

अक्कांनी जेवायला बोलावलं. दोघी हसलो खूप. कशावर ते —

झोप छान लागते हल्ली.

रविवार, २२ डिसेंबर

आवरताना ही वही वाचली. अक्षर माझंच. एका बाईची मुलगी गेली, त्याबद्दल आहे. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. किती सोसलं असेल तिनं — कुणाचं आहे हे, आणि मी का लिहून घेतलं —

माझंच नाव आहे. प्रशांतचंही. बघितलं मी. बोट ठेवून वाचलं.

पोटावर एक आडवा व्रण आहे. आंघोळ करताना दिसला. ऑपरेशन कसलं झालं होतं, अक्कांना विचारलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, बाळंतपणाचा असतो असा.

तीन ठिकाणी लिहिलंय, यंत्र लावू नको. कारण दिलंय. ते कारण मला लागत नाही. भीती मात्र वाटते. कशाची ते —

सोमवार, २३ डिसेंबर

बॅगेतून आवाज येतोय. यंत्र बंद आहे. बघितलं, बंद आहे.

लहान मूल रडतंय.

हेडफोन घातले. खरखर, आणि त्यात खूप आत एक मुलगी. सहा-सात वर्षांची असेल. मी म्हटलं, रडू नको, बाळ, काय झालं.

‘काकू, माझी आई हरवली.’

बिचारी. विचारलं, कुठं हरवली. म्हणाली, इथंच होती, रोज यायची, आता येत नाही. मी म्हटलं, येईल हं. कशी दिसते तुझी आई. तिला सांगता येईना. आवाज माहितीये म्हणाली — काकू, तुमच्यासारखाच —

सगळ्या बायकांचे आवाज सारखेच वाटतात पोरांना.

हात धरावासा वाटतोय. हात कुठं आहे तिचा —

म्हटलं, मी शोधते तुझ्या आईला. शोधल्याशिवाय जात नाही कुठं. उद्या प्रशांत येईल, त्यालाही सांगते. तू आधी नाव सांग. मी लिहून घेते, माझ्या लक्षात राहत नाही हल्ली. रडणं थांबलंय तिचं. नाक ओढलं. सांगतेय — म्हणते, काकू, लिहा, माझं नाव